गौरीचा मासा

आमच्या घरात मासे धरण्याचे दोन पंथ आहेत. नवरा फ्लायवाला आणि मी आमिषवाली. फ्लाय म्हणजे आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तो जाड दोरीच्या टोकाला बांधायचा, दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि किडा अलगद पाण्यावर टेकवायचा, म्हणजे माशाला तो खरा वाटतो. आमचं आमिषवाल्यांचं काम साधं असतं. माशाला आवडेल ते आकड्याला लावायचं, पाण्यात सोडायचं आणि घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा.

नवरा नागपूरचा. लहानपणी त्याने मासा पाहिला तो फुटाळा तलावाच्या काठावरून, तोही लांबून. सिअ‍ॅटलला आल्यावर ऑफिसातल्या कोणीतरी त्याला एकदा ट्राउट धरायला नेलं आणि हा माणूस कामातून गेला. छातीपर्यंत येणारी रबरी विजार आली, खिसेच खिसे असलेलं जाकीट आलं, छोट्या छोट्या डब्यांतून नटव्या माश्या आल्या. रात्री जेवणं झाल्यावर तो व्हिडिओ लावून हॉलमध्ये रिकाम्या हाताने दोरी झुलवायची प्रॅक्टिस करायचा. आणि एवढं करून धरलेला मासा काय करायचा, तर सोडून द्यायचा. पाण्यात उभं राहून मासा दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, त्याचा दम परत आला की हात उघडायचे. मासा निघून जायचा आणि आमचे साहेब तीर्थाला जाऊन आल्यासारखा चेहरा करून घरी यायचे.

"खायचा नाही तर टोचायचा कशाला?" मी विचारायची. "एखाद्याला उगाच चिमटा काढायचा आणि सॉरी म्हणायचं, तसलं हे."

"यार, इट्स अबाउट द प्रोसेस," तो म्हणायचा. "तू आमिष लावतेस ते मासा गिळतो. आकडा पोटात जातो. मग तू सोडलास तरी तो मरतो. फ्लाय ओठात अडकते. ओठातून काढली की मासा मोकळा."

हे खरं आहे, ते मला मान्य आहे. पण मी मासा सोडतच नाही, त्यामुळे माझ्या पंथाला त्या मुद्द्याची गरज पडत नाही.

मी रेवदंड्याजवळच्या खाडीकाठची. आमच्याकडे गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात, आणि ते मला आईने शिकवलं. काठी वगैरे नसायची. हातात नुसती दोरी, टोकाला शिशाचं वजन, आकडा आणि आकड्याला कोळंबी. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोटाने ऐकायचं. मासा नुसता हुंगतोय, कुरतडतोय की तोंडात घेतोय ते बोटाला कळतं. इथे आल्यावर मी काठी घेतली, लायसन काढलं, पण बोट तेच राहिलं. आणि कोळंबीच्या जागी इथे सॅमनची अंडी आली. नदीच्या सॅमनला अंड्यांचं आमिष लावतात. अंडी म्हणजे आपली गाभोळी. पहिल्यांदा ती आकड्याला लावताना माझा जीव तुटला होता, कारण गाभोळी ही तिखट-मीठ लावून तव्यावर टाकायची गोष्ट आहे.

आता गौरीचं सांगते, कारण या सगळ्या माशांपेक्षा ते मोठं आहे.

आमच्या माहेरी गौर येते तिला तिखटाचा नैवेद्य असतो. भाजी-भाकरीने ती तृप्त होत नाही, तिला मासा लागतो. आणि आमच्या घरची रीत अशी, की तो मासा बाजारातून आणायचा नाही. पूजेच्या दिवशी सकाळी घरच्या बाईने तो स्वतः गरवून आणायचा. आजी आणायची, मग आई आणायला लागली. श्रावण सुरू झाला की घरात मासे बंद व्हायचे ते थेट त्या दिवसापर्यंत, त्यामुळे त्या माशाची वाट गौरीपेक्षा आम्हीच जास्त पाहायचो.

गेल्या वर्षी आईचे गुडघे गेले. मी एकुलती एक, तीही अमेरिकेत. गावच्या काकांनी निकाल देऊन टाकला, की मुलीकडे गौर जात नाही, मुखवटा खाडीत विसर्जन करून मोकळं व्हावं. मी फोनवर तडकले. गौर तीन दिवस माहेरी येते म्हणून आपण गाणी म्हणतो, मग तिला मुलीचं घर का चालत नाही, असं मी त्यांना विचारलं. काका म्हणाले, तुम्हा शिकलेल्या मुलींशी कोण बोलणार. दोन दिवसांनी आईचा फोन आला.

"मुखवटा तुझ्याकडे पाठवते," ती म्हणाली. "पण एक सांगते. पहिल्या वर्षी तिला तिचा मासा मिळाला, तर ती तुझ्याकडे आली असं मी समजेन. नाही मिळाला, तर पुढच्या वर्षी काका म्हणतात तसं करू. उगाच ओढून ताणून नको."

मी हो म्हटलं. त्यात काय कठीण आहे, असं मला वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र भीती वाटायला लागली, आणि ती ऑगस्ट संपेपर्यंत गेली नाही.

मुखवटा अमेरिकेला आणला सासूबाईंनी. त्या दर दोन-तीन वर्षांनी येतात, या खेपेला मुद्दाम गणपतीच्या आधी आल्या. वाटेत आईकडे जाऊन पितळी मुखवटा घेतला, आपल्या जुन्या नऊवारीत गुंडाळला आणि हातातल्या बॅगेत ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्याने तो बाहेर काढून उलटा-सुलटा पाहिला, तेव्हा सासूबाईंनी त्याला मराठीत दम दिला म्हणे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचा दम कुठल्याही भाषेत कळतो.

पण त्या शुद्ध शाकाहारी. नागपूरला त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळं सोवळ्यात. मोठ्या दिरांकडे ते आता चालू आहे. माझ्या गौरीला मासा लागतो हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाप्पा बाप्पा," त्या म्हणाल्या. "देवीपुढे मासा? तुझ्या आईची रीत आहे, तू कर, मी नाही म्हणत नाही. पण मी त्याला हात लावणार नाही, आणि घरात गणपती बसला असताना आत शिजवू नको."

"आत नाही शिजवणार, आई. बाहेर पॅटिओवर शिजवते. आणि नैवेद्य दाखवताना गणपतीपुढे पडदा धरतात, म्हणजे त्याला दिसत नाही."

"त्याला वास येत नाही?" त्यांनी विचारलं.

नशीब एका बाबतीत माझ्या बाजूने होतं. इथल्या नद्यांत एका जातीचा सॅमन एक वर्षाआड येतो. त्याला पिंक म्हणतात. हे त्याचं वर्ष होतं. समुद्रातून नदीत शिरायची त्याची वेळ नेमकी गौरींच्या दिवसांत येत होती, आणि पूजेचा दिवस पडला होता लेबर डेला, म्हणजे सुट्टी. आमिषाचीही सोय होती. गेल्या वर्षीच्या सॅमनची गाभोळी मी मिठात मुरवून फ्रीजरमध्ये ठेवली होती, दह्याच्या मोठ्या पांढऱ्या डब्यात. आपल्याकडे दह्याचा डबा दही संपलं म्हणून कोणी टाकत नाही. आमच्या फ्रिजमध्ये तसल्या डब्यांत वाटण असतं, भिजवलेले छोले असतात, मेथीचे ठेपले असतात. फक्त दही कधी नसतं.

पूजेच्या दिवशी पहाटे मी तो डबा उचलला, आइसबॉक्समध्ये टाकला आणि आम्ही निघालो. सासूबाईही आल्या. पुरण त्यांनी आदल्या दिवशीच वाटून ठेवलं होतं, आणि घरी एकटीला बसवेना. "दारावर कोणी आलं आणि इंग्रजी बोलायला लागलं तर मी काय करू?" असं म्हणून त्या साडीवर जाकीट आणि पायात माझे बूट घालून गाडीत बसल्या. मांडीवर त्यांचं विणकाम होतं. गौरीच्या मखराला लावायला त्या क्रोशाचं लोकरीचं तोरण करत होत्या, केशरी आणि राणी रंगाचं, खाली गुलाबी गोंडे. संध्याकाळपर्यंत ते पुरं व्हायचं होतं.

नदीवर जत्रा होती. सुट्टीचा दिवस आणि पिंकचं वर्ष, त्यामुळे काठावर हाताहातावर माणसं उभी. आम्हाला एका वळणावर झाडांखाली थोडी जागा मिळाली. समोरच्या पाण्यात मासे दिसत होते. एकामागून एक पाठी वर यायच्या आणि बुडायच्या. मला एकदम हलकं वाटलं. एवढे मासे असताना एक मिळणार नाही असं कसं होईल, असं मनात आलं. मी सासूबाईंना खुर्ची मांडून दिली, काठी जोडली आणि डबा उघडला.

डब्यात खवलेलं ओलं खोबरं होतं.

मी झाकण लावलं आणि परत उघडलं. खोबरंच होतं, पांढरंशुभ्र, दगडासारखं गोठलेलं.

"आई," मी म्हणाले, "या डब्यात काहीतरी होतं."

"हो नं," सासूबाई विणता विणता म्हणाल्या. "गणपतीच्या आदल्या दिवशी कढीला दही पाहत होती मी, खाली नाही मिळालं म्हणून फ्रीजरात. उघडते तर आत लाल लाल डोळेच डोळे. काहीतरी सडलं होतं बाई. मी गुलाबाच्या झाडाखाली खड्डा करून पुरलं, डबा तीनदा घासला आणि दुसऱ्या दिवशी मोदकाचं उरलेलं खोबरं भरलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण तोंड फिरवून नदीकडे पाहत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं. मग मी त्यांना ते काय होतं ते सांगितलं. त्यांची सुई थांबली.

"म्हणजे ते त्याच्यासाठी होतं?" त्यांनी माशांकडे बोट केलं. "अगं, मग लिहून ठेवायचं न डब्यावर."

आमिषाचं दुकान वाटेवर होतं, पण सुट्टीमुळे बंद. शेजारच्या माणसाला विचारलं, तर त्याच्याकडे नुसते माशाला भुलवायचे धातूचे चकचकीत चमचे होते. शेवटी मी खोबऱ्याचा एक तुकडा आकड्याला लावून पाहिला, हे मी आज कबूल करते. तो पाण्यात पडताच विस्कटून गेला.

नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याला झालेलं कळलं तेव्हा तो हसला नाही, एवढं श्रेय त्याला देते. पण बाहेर येऊन त्याने आपली दुसरी फ्लायची काठी माझ्या हातात दिली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. पंधरा वर्षं तो या क्षणाची वाट पाहत होता.

"पिंक सॅमनला गुलाबी फ्लाय लागते," तो म्हणाला. "आणि ही माझी लास्ट आहे. दुकानातल्या सगळ्या संपल्यात. सो प्लीज, मागची झाडं बघून कास्ट कर."

मी काठी मागे नेली. पुढे आणली तेव्हा दोरीच्या टोकाला काही नव्हतं. गुलाबी फ्लाय मागच्या झाडावर उंच फांदीला लटकत होती, अगदी तोरणासारखी. नवरा तिच्याकडे बघत राहिला आणि पाण्यात परत गेला. जाता जाता त्याने तपकिरी माश्यांचा डबा माझ्याकडे ठेवला, पण त्यांच्याकडे एका माशाने ढुंकून पाहिलं नाही.

ऊन वर आलं. शेजारच्यांना मासे लागत होते, मला काही नाही. आईचं वाक्य डोक्यात फिरत होतं, ओढून ताणून नको. मुखवटा परत पाठवावा लागेल, काका तो खाडीत सोडतील, वर म्हणतील बघा मी म्हटलं होतं. आजीचा चेहरा आठवायला मला फोटो लागतो, पण तो मुखवटा मी डोळे मिटून ओळखते. त्याच्या डाव्या गालाला खळगा आहे, लहानपणी माझ्या हातून पडला होता. मी खुर्चीजवळच्या दगडावर बसले आणि तेव्हा मला सासूबाईंच्या मांडीवरचं तोरण दिसलं. त्याचे गोंडे गुलाबी होते, वाटाण्याएवढे, गोल, दाट. पाण्यात भिजले तर हुबेहूब गाभोळी.

"आई, तुमचा एक गोंडा द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं.

"मी माशाला हात लावणार नाही हे मी सांगितलं आहे," त्या म्हणाल्या. मग चष्मा वर केला. "पण लोकर माझी आहे. लोकरीला काय झालं? आण इकडे तो आकडा. तू घाई करून राहिली, बोट टोचून घेशील."

त्यांनी तोरणाच्या मधला एक गोंडा कापला, तो आकड्याच्या देठावर बसवला आणि त्यावरून लोकरीचे असे आवळून वेढे दिले, की मी ओढून पाहिला तर जागचा हलला नाही. मग कात्रीने कडेचे धागे गोल केले, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नाही.

मी दोरी झुलवण्याच्या भानगडीत पडले नाही. रीळावरची दोरी हाताने मोकळी केली, टोकाला छोटंसं शिसं लावलं आणि खाडीवर टाकायचे तशी हाताने फेकली, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. गोंडा बुडाला. दोरी तर्जनीवर घेतली आणि पाणी नेईल तशी सोडत गेले.

"हे फ्लाय फिशिंग नाहीये," पाण्यातून नवरा ओरडला.

"माहीत आहे," मी म्हणाले.

नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. समुद्रातच त्याचं खाणं संपलेलं असतं, मग अंडी घालेपर्यंत उपास. तो आमिषाला तोंड लावतो ते भुकेने नाही, तर समोरून सारखं काहीतरी जातं म्हणून चिडून, किंवा जुन्या सवयीने. हे नवऱ्याने मला कित्येकदा सांगितलं होतं आणि मी कधी मनावर घेतलं नव्हतं. आता मी तोच गोंडा त्याच रेषेतून पुन्हा पुन्हा नेत राहिले. चिड रे बाबा, असं मनात म्हणत होते.

बोटाला कळलं. हुंगणं नाही, कुरतडणं नाही. कोणीतरी दोरी धरून थांबलं होतं. मी हात वर घेतला आणि नदी जिवंत झाली.

काठी वाकली, दोरी बोट कापत सुटली. मासा खाली पळाला, मग आडवा, मग सरळ माझ्याकडे. नवरा धावत पाण्यातून येत होता. "टिप अप! टिप अप! रीळ कर, लाइन सैल सोडू नको!" मी त्याचं एक ऐकलं नाही. दोरी हातानेच ओढत होते आणि तो पळाला की बोटावरून सोडत होते, आईसारखी. शेजारच्या माणसांनी आपापल्या दोऱ्या बाहेर काढून मला जागा करून दिली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मांडीवरचं तोरण वाळूत पडलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

मासा दमला, कडेला आला. चांदीसारखा लखलखीत, समुद्राचा रंग अजून न उतरलेला. नवऱ्याने जाळं खाली घातलं आणि उचललं. मी काठी टाकली, दगडावर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात काढले तेव्हा नवरा काय करत होता? गुडघ्यावर बसून त्याने माशाच्या ओठातून आकडा हळूच सोडवला होता, मासा दोन्ही हातांत घेतला होता आणि पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरला होता. त्याच्या चेहऱ्यावर ती तीर्थाची शांतता पसरलेली. पंधरा वर्षांची सवय ती. माशाची शेपटी हलायला लागली होती.

मी दगडावरून उठेपर्यंत उशीर झाला असता.

"अरे, सोडून काय राहिला!"

सासूबाई पाण्यात होत्या. साडी पोटरीवर गोळा झालेली, पायात माझे बूट. त्यांनी मुलाला खांद्याने बाजूला सारलं, वाकल्या आणि सुटत असलेल्या माशावर दोन्ही हातांनी अशी झडप घातली, की मी एवढ्या वर्षांत कुठल्या कोळणीची पाहिली नाही. मासा त्यांच्या पोटाशी, पदरात. तो उसळत होता आणि त्या त्याला धरून उलट्या पावलांनी काठावर येत होत्या. काठावर बसल्या तरी हात सुटेनात. मी जाऊन मासा त्यांच्याकडून घेतला, तेव्हा त्या रागाने मुलाकडे बघत होत्या.

"सॉरी, सॉरी," तो म्हणत होता. "आय डिडन्ट थिंक. हाताला सवय झालीय गं."

शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मी दोन्ही केलं. आपली जीत झाल्याचा एवढा आनंद मला परीक्षेत झाला नाही, व्हिसा मिळाला तेव्हा झाला नाही, घर घेतलं तेव्हाही नाही. पुढे मी त्या माशाचा जो फोटो सगळ्यांना पाठवला, त्यात मी इतकी तोंड भरून हसते आहे की माझे डोळेच दिसत नाहीत.

घरी आल्यावर सासूबाई दोनदा न्हाल्या. मी मासा पॅटिओवर साफ केला. आत गाभोळी निघाली, भरगच्च. दह्याच्या डब्यातलं खोबरं वाटून मी कालवण केलं, तुकड्या आणि गाभोळी तव्यावर तळली, भात लावला. नवऱ्याने न सांगता भांडी घासली. सासूबाई आतून काचेच्या दारातून सारख्या डोकावत होत्या. जळलं तर नाही नं, असं त्यांनी दोनदा विचारलं.

संध्याकाळी गौर नटून बसली. काठापदराची साडी, नथ, गळ्यात माझ्या आईने पाठवलेली पोत. वर तोरण. गणपतीपुढे पडदा नवऱ्याने धरला. मी नैवेद्याचं ताट ठेवलं, पाणी फिरवलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ झाली होती. ती अंघोळ करून, कुंकू लावून फोनसमोर बसलेली होती. आधी तिने गौरीकडे पाहिलं, मग ताटाकडे. फोन जवळ धर म्हणाली. तुकड्या पाहिल्या, गाभोळी पाहिली.

"घरच्या बाईनेच धरला?" तिने विचारलं.

"हो, आई."

"कशावर?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर वर गेली.

"तोरणाचा एक गोंडा कमी दिसतो."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्या गोंड्याच्या जागी दुसरा लावायला त्यांना वेळ होता, लोकरही उरली होती. त्यांनी लावला नव्हता.

"तो माशाने नेला, विहीणबाई," त्या म्हणाल्या, आणि मग डब्यापासून पदरापर्यंत सगळं सांगितलं, आपली गुलाबाच्या झाडाखालची चूकसुद्धा. आई ऐकत होती. मध्येच तिने डोळे पुसले.

"म्हणजे माझ्या गौरीचा मासा तुम्ही धरलात," आई म्हणाली. "तुम्ही, शाकाहारी बाई."

"मी नाही, हिने धरला," सासूबाई म्हणाल्या. "मी फक्त सुटू दिला नाही."

आईने त्यांना हात जोडले. सासूबाईंनीही जोडले, तर फोन पडता पडता राहिला. मी तो पकडला. आता फोनच्या पडद्यावर आई आणि मी दोघीच होतो.

"पुढच्या वर्षी मासा मिळाला नाही, तर गौर ठेवू का म्हणून मला विचारायला फोन करू नकोस," ती म्हणाली. "फोन कर. पण विचारायला नाही. गौर तुझी आहे."